खेळाडूचा खांदा

मराठी भाषेनें खांद्याला मोठा मान दिला आहे. संसाराचा भार येतो तो खांद्यावर. संकटांत शेजारी उभा राहतो तो खांद्याला खांदा लावून. उमेद संपलेल्या माणसाविषयीं म्हणतात कीं त्यानें खांदे पाडले. आणि अखेरच्या प्रवासांत चौघे जण देतात तोही खांदाच. इतका भरंवसा ज्याच्यावर टाकला जातो, तो सांधा मात्र शरीरांतील मोठ्या सांध्यांत सर्वांत अस्थिर आहे. तो जितका सहज फिरतो तितकाच सहज निखळतो. खेळाडूच्या घरीं ही गोष्ट बहुधा तेव्हांच कळते, जेव्हां मैदानावरून मुलगा एका हातानें दुसरा हात सांवरीत घरीं येतो, आणि पुढच्याच रविवारीं निवडचाचणी असते.

अशा प्रसंगीं घरांत दोन प्रश्न उभे राहतात. दुखणें बरें कसें होईल हा पहिला. आणि तो पुन्हां केव्हां खेळेल हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाची घाई पहिल्याचें उत्तर बिघडविते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. म्हणून या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करणें अवश्य आहे.

प्रथम सांध्याची रचना समजून घ्यावी. कमरेजवळचा खुबा पाहिला तर मांडीच्या हाडाचा गोळा तेथें खोल वाटींत बसलेला असतो. खलांत बत्ता बसावा तसा. खांद्याचें याच्या अगदीं उलट. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि त्याला टेकण्यासाठीं खवाट्याच्या कडेला असलेली खळगी लहान व उथळ. बशींत मोसंबें ठेवावें, आणि तें घरंगळूं नये म्हणून बशीला भोंवतालून रबराची बारीक कड लावावी, तसा हा प्रकार आहे. खांद्यांतील ही कड कूर्चेची असते. तिच्या भोंवतीं स्नायुबंधांची पिशवी, आणि पिशवीवर चार लहान स्नायूंच्या कंडरा. छातीचे, पाठीचे व दंडावरचे मोठे स्नायु हे या रथाचे घोडे होत; हे चार लहान स्नायु म्हणजे लगाम. घोडे दांडगे आणि लगाम कच्चा, अशी स्थिति झाली कीं रथ उलटतो. व्यायामशाळेंत जाऊन छाती व दंड तेवढे फुगविणाऱ्या तरुणांच्या खांद्यांत पुष्कळदां हीच विषमता असते.

आणखी एक गोष्ट. ज्या खवाट्यावर हा सगळा व्यवहार चालतो, तो स्वतः कोठें पक्का जखडलेला नाहीं. हंसळीच्या हाडाचा एक टेकू सोडला, तर तो केवळ स्नायूंच्या आधारानें बरगड्यांच्या पिंजऱ्यावर सरकत असतो. डोलणाऱ्या होडींत उभा राहून जाळें फेंकणारा कोळी आधीं आपले पाय स्थिर करतो आणि मग हात चालवितो. खांद्याचेंही तेंच. खवाटा स्थिर नसेल तर हाताच्या बळाला कांहीं अर्थ नाहीं.

ही उपमा केवळ शोभेसाठीं नाहीं. एकाच मुलखांत खांद्याचे किती निरनिराळे उपयोग होतात, हें पाहावयाचें तर पालघर जिल्ह्यांतील वसई-विरारचा पट्टा पाहावा. अर्नाळा आणि पाचूबंदर येथील कोळी भिजलेलें जाळें ओढतात. त्यांचा खांदा खेंच सोसतो. वसईच्या बागाईतदाराचा खांदा ओझें वाहतो, आणि नारळाच्या झाडावर चढणाऱ्याचा खांदा सबंध देहाचें वजन पेलतो. मल्लखांबावरचा मुलगा हातांवर तोलला जातो. कबड्डींत पकड झाली कीं हाताला अवचित हिसका बसतो. आणि पहांटेच्या लोकलगाडींत किटबॅग खांद्याला अडकवून, चर्चगेटपर्यंतचे सुमारें ६० किलोमीटर उभ्यानें काटून मुंबईच्या मैदानांवर जाणारी मुलें, यांचा खांदा फेंकण्याच्या वेगानें झिजतो. या सर्वांची तक्रार एकाच वाक्याची असते : खांदा दुखतो. परंतु वाक्य एक असलें तरी दुखणें एक नसतें, आणि दुखणें एक असलें तरी माणूस एक नसतो. प्रत्येकाचा उपचार त्याच्यापुरता बेतावा लागतो, तो याचसाठीं.

सर्वांच्या परिचयाचीं दोन उदाहरणें घेऊं म्हटलें तर तीं याच मुलखाशीं निगडित आहेत. विरारमध्यें वाढलेला पृथ्वी शॉ चौदा वर्षांचा असतांना, नोव्हेंबर २०१३ मध्यें हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यांत ५४६ धावा काढून एकाएकीं प्रसिद्धीस आला. विरारहून वांद्र्याच्या शाळेपर्यंतचा त्याचा लोकलचा प्रवास तेव्हांपासून सर्वतोमुखीं झाला. पुढें ३ जानेवारी २०२० रोजीं, वांद्रे-कुर्ला संकुलांतील मैदानावर कर्नाटकाविरुद्धच्या रणजी सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना त्याच्या खांद्याला दुखापत झाली. भारत 'अ' संघाबरोबर न्यूझीलंडला जाण्याचे ते दिवस. पहिल्या तुकडीबरोबर त्याला जातां आलें नाहीं. बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमींत त्याच्यावर उपचार झाले. शस्त्रक्रियेची गरज पडली नाहीं. १९ जानेवारीस, म्हणजे सोळाव्या दिवशीं, त्यानें न्यूझीलंडमधील लिंकन येथें १०० चेंडूंत १५० धावा काढल्या. आणि ५ फेब्रुवारीस हॅमिल्टन येथें एकदिवसीय सामन्यांत भारतातर्फें तो पहिल्यानें खेळला.

दुसरें उदाहरण मुंबईच्या श्रेयस अय्यरचें. २३ मार्च २०२१ रोजीं पुण्याजवळ गहुंजे येथें इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना चालू होता. पालघरचा शार्दूल ठाकूर गोलंदाजी करीत होता. त्याच्या चेंडूवर जॉनी बेअरस्टोनें मारलेला फटका अडविण्यासाठीं श्रेयसनें झेंप घेतली आणि त्याचा डावा खांदा अर्धवट निखळला. ८ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो मैदानावर उतरला तो सप्टेंबरांत, म्हणजे सहा महिन्यांनीं. मधल्या काळांत कितीतरी सामने गेले. परंतु त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कानपूरला न्यूझीलंडविरुद्ध तो आयुष्यांतला पहिला कसोटी सामना खेळला, आणि त्यानें १०५ धावा केल्या.

एक सोळा दिवसांत परतला, दुसरा सहा महिन्यांनीं. यावरून पहिला शूर आणि दुसरा नाजूक असें कोणी म्हणेल काय ? मुळींच नाहीं. दोघेही फलंदाज, दोघेही तरुण, दोघांनाही दुखापत क्षेत्ररक्षण करतांनाच झाली. परंतु खांद्यांतील कोणता भाग दुखावला आणि किती, हें दोघांचें निराळें होतें. एकाला शस्त्रक्रियेवांचून भागलें, दुसऱ्याला भागलें नाहीं. पहिल्याचे दिवस दुसऱ्याला लावले असते तर त्याचा खांदा कायमचा सैल राहण्याचें भय होतें. दुसऱ्याचे महिने पहिल्याला लावले असते तर एक उमेदीचा हंगाम व्यर्थ गेला असता. शेजारच्या गणूचा खांदा तीन आठवड्यांत बरा झाला, म्हणून आमच्या बाळूचाही व्हावा, हा हिशेब या विषयांत चालत नाहीं.

वयाचाही यांत मोठा भाग आहे. विशीच्या आंतील खेळाडूचा खांदा एकदां निखळला तर तो पुन्हां निखळण्याचा संभव फार मोठा असतो. म्हणून अशा मुलाच्या बाबतींत, विशेषतः तो झोंबाझोंबीचा किंवा फेंकीचा खेळ खेळत असेल तर, शस्त्रक्रियेचा विचार लवकर करतात. चाळिशीनंतर पुन्हां निखळण्याचा संभव उतरतो. परंतु त्या वयांत खांदा निखळतांना कंडरा फाटण्याचें भय वाढतें, म्हणून तपासणी कंडरांची करावी लागते. दुखापत तीच, पण बापाचा आणि लेकाचा उपचार निरनिराळा.

याहूनही ठळक विरोध एकाच घरांत पाहावयास मिळतो. सोळा वर्षांच्या नातवाचा खांदा निखळला आहे, आणि मधुमेह असलेल्या पंचावन्न वर्षांच्या आजीचा खांदा आखडला आहे, अशी कल्पना करावी. आखडलेला खांदा हें चाळीस ते साठ या वयांतील दुखणें. मधुमेही माणसांत तें विशेष आढळतें. नातवाला सांगावयाचें कीं हात कांहीं दिवस आंवर. आजीला सांगावयाचें कीं हात सोसेल तितका हालवीत राहा. दोघांनीं आपसांत व्यायाम बदलले तर दोघांचाही तोटा. तरी घरोघरीं असें घडतें. कोणाच्या तरी कागदावरचे व्यायाम पाहून दुसराच कोणी ते करूं लागतो.

आतां प्रत्यक्ष उपचाराचा क्रम पाहावा. निखळलेले सांधे बसविण्याची विद्या या देशांत फार जुनी आहे. सुश्रुतानें सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. आजही खेडोपाडीं हाडवैद्याकडे धांव घेतात. परंतु हात कितीही सराईत असला, तरी आंत हाड मोडलें आहे कीं काय हें बाहेरून दिसत नाहीं. आणि दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी एक शीर अशा वेळीं दुखावलेली असूं शकते. म्हणून क्ष-किरणानें चित्र घेतल्यावांचून कोणालाही हात ओढूं देऊं नये. झोळी बांधावी, हात अंगाशीं ठेवावा, आणि इस्पितळ गांठावें. दंडाच्या बाहेरच्या बाजूस बधिरपणा वाटत असेल तर तें डॉक्टरांना आवर्जून सांगावें.

सांधा जागेवर बसला, किंवा शस्त्रक्रिया झाली, कीं लोकांना वाटतें काम झालें. वस्तुतः काम तेथें सुरू होतें. पहिली पायरी शांततेची. हात झोळींत असतो. तरी बोटें, मनगट व कोंपर यांची हालचाल चालूं ठेवावयाची, आणि पायांचा व्यायाम सोडावयाचा नाहीं. दुसरी पायरी हालचालीची. कमरेंत वांकून हात लंबकासारखा सैल सोडणें, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानें दुखऱ्या हाताला वर नेणें, भिंतीवरून बोटें चढविणें, असे साधे प्रकार यांत येतात. तिसरी पायरी खवाट्याची आणि चार लगामांची. कोंपर कुशीशीं ठेवून रबरी पट्टा आंत-बाहेर ओढणें, खवाटे मागें व खालीं आणून धरणें; दिसावयास हें काम इतकें क्षुल्लक कीं जवान मुलांना त्याची लाज वाटते. चौथी पायरी बळाची. येथें आपले जुने जोर फार उपयोगी पडतात. मात्र प्रथम उभ्यानें भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर, आणि शेवटीं जमिनीवर. पांचवी पायरी खेळाची.

पहिल्या चार पायऱ्या बहुतेकांच्या सारख्याच. फरक त्यांवर किती दिवस थांबावें एवढाच. शस्त्रक्रियेंत हाडाला शिवलेली कंडरा हाडाशीं नीट जुळून येण्यास सुमारें बारा आठवडे लागतात. इच्छाशक्तीनें हे आठवडे कमी होत नाहींत, आणि श्रीमंतीनेंही नाहींत. पांचवी पायरी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र. गोलंदाजानें प्रथम थोड्या अंतरावरून, अर्ध्या जोरानें, एक दिवसाआड मोजके चेंडू टाकावयाचे. मग अंतर वाढवावयाचें, मग चेंडूंची संख्या, आणि जोर सर्वांत शेवटीं. मल्लखांबपटूनें आधीं पाय जमिनीला टेकवून थोडें वजन हातांवर घ्यावयाचें. कबड्डीपटूला अवचित हिसका सोसण्याची तयारी करावी लागते. कोळ्यानें सुक्या दोरापासून सुरुवात करून ओल्या जाळ्यापर्यंत यावयाचें. तो खेळाडू नव्हे म्हणून त्याच्या खांद्याची किंमत कमी ठरत नाहीं, उलट त्याच्या घरची चूल त्यावर पेटते. फलंदाजाचा विचार आणखी निराळा. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा खांदा पुढें असतो. तो दुखावला तर चेंडू फेंकण्यास अडचण नाहीं, पण बॅट चालवितांना आणि झेंप घेऊन पडतांना तोच खांदा पुढें येतो.

या वाटचालींत पुढची पायरी केव्हां चढावयाची, हें पंचांगांत पाहून ठरत नाहीं. हात पूर्ण वर जातो काय, दुखऱ्या हाताचें बळ चांगल्या हाताच्या जवळ जवळ बरोबरीस आलें काय, कालच्या व्यायामाची ठणक आज सकाळपर्यंत ओसरली काय, आणि तो हात वापरतांना मनांतील धास्ती गेली काय, हीं माणसाचीं स्वतःचीं मापें आहेत. यांतही एक बारकावा आहे. जो मुलगा वर्षानुवर्षें वेगानें फेंकत आला आहे, त्याचा फेंकीचा हात मागच्या बाजूस अधिक फिरतो आणि आंतल्या बाजूस कमी. म्हणजे त्याचे दोन्ही हात निरोगी असतांनाही सारखे नसतात. म्हणून हंगामाच्या आरंभीं, कांहीं दुखत नसतांनाच, फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही खांद्यांचीं मापें घेऊन तीं लिहून ठेवावीं. शिंपी जुनें माप वहींत ठेवतो, तसेंच हें. पुढें दुखापत झाल्यास कोठवर परत यावयाचें, हें त्यावरून कळतें.

फेंकीचा जोर खांद्यांत उपजतो, असाही एक गैरसमज आहे. तो पायांपासून निघतो, कमरेंतून वर चढतो, आणि खांद्यांतून केवळ पुढें जातो. पाय थकले, पोटाचे स्नायु ढिले पडले, कीं तोच वेग काढण्यासाठीं खांद्याला आपल्या पदरचें द्यावें लागतें. पायांनीं केलेला आळस खांदा फेडतो. यामुळें चांगला उपचारक खांदा दुखणाऱ्या मुलाला एका पायावर उभें राहावयास सांगतो, तेव्हां आईबापांनीं आश्चर्य मानूं नये.

येथवर दुखणें बरें करण्याचा विचार झाला. आतां अधिक अवघड भागाकडे वळावें. तो म्हणजे कर्तृत्व आणि आरोग्य यांचा तोल. खेळाडूचें आयुष्य लहान असतें. सोळाव्या वर्षीं हुकलेली निवड सतराव्या वर्षीं मिळेलच असें नाहीं. त्या निवडीवर कोणाची शिष्यवृत्ति, कोणाची नोकरी, कोणाच्या बापानें काढलेलें कर्ज अवलंबून असतें. असे असतां, दुखत असेल तर खेळूं नकोस, एवढा उपदेश करून मोकळें होणें सोंपें आहे. तो पाळणें सोंपें नाहीं. शिवाय तो सर्वस्वीं बरोबरही नाहीं. खेळांत थोडें दुखणें असतेंच.

म्हणून दोन प्रकारचीं दुखणीं वेगळीं ओळखतां आलीं पाहिजेत. श्रमानें स्नायु ठणकतो तो दोन दिवसांत शमतो, शेकानें व विश्रांतीनें हलका पडतो. त्याच्यासाठीं सामना सोडण्याचें कारण नाहीं. परंतु रात्रीं त्या कुशीवर निजतां येत नाहीं, फेंकतांना हात क्षणभर मेल्यासारखा होतो, खांदा जागचा सरकल्याची भावना होते, किंवा कारणावांचून फेंकीचा वेग उतरला आहे, यांपैकीं एक जरी खूण दिसली तरी तो सामना खेळूं नये. वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन अशा खांद्यानें खेळणें म्हणजे घरांत धूर झाला म्हणून खिडकी उघडून आग तशीच ठेवणें. गोळीनें दुखणें झांकतें. फाटलेली कड जुळत नाहीं.

मोठ्या खेळाडूंना हा हिशेब कसा मांडावा लागला, याचें उदाहरण सचिन तेंडुलकरच्या चरित्रांत आहे. मार्च २००६ मध्यें इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका मुंबईस संपली आणि त्यानंतर लंडनमध्यें त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यामुळें वेस्ट इंडीजचा दौरा त्याला सोडावा लागला. नेमका त्याच दौऱ्यांत भारतानें १९७१ नंतर प्रथमच, म्हणजे ३५ वर्षांनीं, तेथें कसोटी मालिका जिंकली. आणि त्या विजयी संघांत सचिन नव्हता. ही हानि लहान नव्हे. परंतु जमेची बाजूही पाहावी. सप्टेंबर २००६ मध्यें क्वालालंपूर येथें त्यानें वेस्ट इंडीजविरुद्धच नाबाद १४१ धावा केल्या. २०११ चा विश्वचषक त्याच्या हातीं आला, मार्च २०१२ मध्यें आंतरराष्ट्रीय शतकांचें शतक पुरें झालें, आणि नोव्हेंबर २०१३ मध्यें वानखेडेवर तो आपला दोनशेंवा कसोटी सामना खेळून निवृत्त झाला. एका दौऱ्याच्या बदल्यांत सात वर्षें, असा हा व्यवहार होता. श्रीरामपूरचा झहीर खान यालाही २००९ सालीं खांद्याच्या दुखापतीमुळें कांहीं महिने खेळापासून दूर राहावें लागलें. २०११ च्या विश्वचषकांत २१ बळी घेऊन तो सर्वाधिक बळी घेणाऱ्यांत बरोबरीनें पहिला आला. थांबणें म्हणजे संपणें नव्हे, हें या दोघांवरून दिसतें.

येथें कोणी म्हणेल, सचिनची जागा त्याच्यासाठीं राखून ठेवलेली होती. विरारच्या शाळकरी मुलाची जागा कोण राखतो? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें गोड उत्तर नाहीं. परंतु त्यांतच एक कर्तव्य दडलेलें आहे. मुलाची जागा राखणें शाळेच्या, क्लबाच्या आणि निवड करणारांच्या हातीं आहे. दुखावलेल्या मुलाला संघाबाहेर टाकण्याऐवजीं संघाबरोबर ठेवणें, त्याच्याकडून धावांचा तक्ता लिहवून घेणें, पायांचा व्यायाम सर्वांबरोबर करविणें, या गोष्टींना पैसा लागत नाहीं. ज्या संघांत दुखणें सांगितल्यानें जागा जाते, त्या संघांत मुलें दुखणें लपवितात. आणि लपविलेलें दुखणें हेंच सर्वांत महाग पडतें.

वाढत्या वयाच्या मुलांबाबत तर विशेष सांभाळावें लागतें. त्यांच्या दंडाच्या हाडाच्या वरच्या टोंकाशीं वाढीची कूर्चा असते. ती हाडापेक्षां दुबळी. वारंवार फेंकण्यानें तिलाच इजा पोहोंचते. अमेरिकेंत बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या लिटल लीग या संस्थेनें २००७ पासून चेंडूंची गणतीच ठरवून दिली; अकरा-बारा वर्षांच्या मुलानें सामन्यांत एका दिवसांत ८५ हून अधिक चेंडू टाकावयाचे नाहींत, आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस घ्यावयाचे. क्रिकेटमध्येंही वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या षटकांना वयाप्रमाणें मर्यादा घालण्याची रीत इंग्लंड-ऑस्ट्रेलियांत आहे.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. एकच मुलगा सकाळीं शाळेसाठीं खेळतो, दुपारीं क्लबासाठीं, संध्याकाळीं प्रशिक्षणवर्गांत, आणि रविवारीं सोसायटीच्या अंगणांत टेनिसच्या चेंडूनें. प्रत्येक ठिकाणचा शिक्षक आपल्यापुरतीं षटकें मोजतो आणि समाधान पावतो. चारही ठिकाणांची बेरीज कोणीच करीत नाहीं. ती बेरीज करण्याचें ठिकाण एकच, तें म्हणजे घर. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ज्या वहींत लिहिला जातो, तिच्यांतच एक पान मुलाच्या चेंडूंसाठीं राखावें. आठवड्याचा आंकडा एकाएकीं दुप्पट झालेला दिसला तर समजावें कीं खांदा कर्ज काढूं लागला आहे. आठवड्यांतून एक दिवस पूर्ण विसांवा, आणि वर्षांतून कांहीं महिने फेंकीवांचूनचा दुसरा खेळ, हेंच त्यावरचें साधें औषध. विरारहून दररोज उभ्यानें प्रवास करणाऱ्या मुलाच्या हिशेबांत तो प्रवासही धरावा. थकलेलें शरीर आणि अपुरी झोंप यांवर कोणताही व्यायाम नीट लागूं पडत नाहीं. आणि किटबॅग नेहमीं एकाच खांद्यावर लटकविण्यापेक्षां दोन्ही खांद्यांवर पाठीशीं घ्यावी.

आपल्या जुन्या वैद्यांनीं या तोलाचें सूत्र फार पूर्वीं सांगून ठेवलें आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत, चांगलें पौष्टिक अन्न खाणाऱ्या बलवान माणसानेंही अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, असा निर्बंध आहे. स्पर्धेच्या खेळांत रोज अर्ध्या शक्तीवर थांबतां येणार नाहीं, हें उघड आहे; तेथें कधीं सोळा आणे शक्ति लावावीच लागते. परंतु सोळा आणे रोज लावावयाचे नसतात, हा त्या सूत्राचा गाभा आजही खरा आहे.

तात्पर्य, खेळाडूच्या घरच्यांनीं डॉक्टरांपुढें बसल्यावर, केव्हां खेळेल, हा प्रश्न शेवटीं ठेवावा. त्याआधीं तीन प्रश्न विचारावे. खांद्यांतील नेमका कोणता भाग दुखावला आहे ? कोणत्या तारखेला नव्हे, तर काय काय जमूं लागल्यावर मैदानावर जावयाचें ? आणि आज खेळला तर पंधरा वर्षांनीं या खांद्याचें काय होईल ? या तिन्हींचीं उत्तरें मिळाल्यावर मुलालाही विचारावें. कारण खांदा त्याचा आहे. तीं उत्तरें त्यालाही समजलेलीं असतील तर तो बहुधा शहाणपणानेंच निवड करतो.

खेळ पंधरा-वीस वर्षांचा असतो. त्यानंतरही त्या हातानें पुष्कळ कामें करावयाचीं असतात : फळीवरचा डबा काढावयाचा असतो, लोकलमधली कडी धरावयाची असते, लेकराला उचलून खांद्यावर बसवावयाचें असतें. ज्या उपचारानें खेळाडूला मैदानही मिळतें आणि हा उरलेला हातही शाबूत राहतो, तोच उपचार पुरा झाला असें म्हणावें.